तीन टिकल्यांचा रिमोट

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस इंदूरला मावशीकडे राहून आले. बेळगावहून इंदूर गाठायचे म्हणजे आधी पुणे आणि मग तिथून रात्रीची गाडी. एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात कुंद्याचे डबे. मावशी लग्न होऊन १९६४ साली इंदूरला गेली, पण माहेरचा माणूस दारात आला की तिची नजर आधी त्याच्या हाताकडे जाते. कुंदा आहे ना, हे बघते आणि मग "आलीस का गं, दमलीस?" असे विचारते. आता तिचे वय ८२. माझी आई तिच्याहून मोठी. आई जाऊन दोन वर्षे झाली, त्यामुळे या खेपेला मावशीकडे जाताना मनात थोडे वेगळेच होते.

पहिले दोन दिवस वहिनीबरोबर फिरण्यात गेले. सात मजली राजवाडा पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला. रात्री सराफ्यात सोन्याची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाल्ले. सकाळी पोहे-जिलेबी. इंदूर २०१७ पासून लागोपाठ स्वच्छ शहर म्हणून नाव का मिळवत आले, तेही पाहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्याने संप पुकारला आणि मी घरीच राहिले.

लोकमान्यनगरातले मावशीचे घर साडेनऊला रिकामे होते. मावसभाऊ ऑफिसला, वहिनी शाळेत, नातू कॉलेजात. मी आतल्या खोलीत पडले होते. अकराच्या सुमारास बाहेर आले तर मावशी टीव्हीसमोरच्या खुर्चीत मटार सोलत बसलेली. टीव्ही चालू होता, पण त्यावर चित्र नव्हते. सगळा पडदा निळा, आणि त्यात 'नो सिग्नल' लिहिलेली एक चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत होती.

"मावशी, हे काय? टीव्ही का असा?"

"असू दे गं. पोरं रात्री पिक्चर बघतात ना, मग सकाळी असाच येतो."

"मग बदलायचं ना ते."

"कोणतं बटण ते समजत नाही. मागे एकदा काहीतरी दाबलं, तर आवाजच बंद पडून गेला. मुलगा ऑफिसातून आला तसा अर्धा तास त्याच्यातच बसला बिचारा. तेव्हापासून मी हात लावत नाही. संध्याकाळी नातू येतो, तो लावून देतो."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय, बघते ना. तो डबा फिरतो इकडून तिकडे, त्याच्याकडे." असे म्हणून ती हसली आणि शेंग सोलू लागली.

मला हसू आले नाही. साडेनऊ ते संध्याकाळचे सहा, असे किती दिवस चालले असेल? विचारले तर म्हणाली, "नातवाची परीक्षा झाली ना, त्यानंतर. महिना झाला असेल." मग टीव्ही बंद का करत नाहीस, तर म्हणाली, "बंद केला की घर फारच शांत वाटतं."

मी कोचावर बसले आणि मला आईचा फोन आठवला. आईकडेही असेच व्हायचे. सकाळी दहाला फोन यायचा, "अगं, टीव्ही निळा झालाय बघ." मी स्वयंपाकघरात, एका हातात लाटणे. "आई, सोर्स दाब. वरच्या बाजूला, उजवीकडे. अगं उजवीकडे! किती वेळा सांगितलं तुला?" मग ती म्हणायची, "बरं बरं, जमेल मला. तू कर तुझं काम." फोन ठेवायची. पुढे पुढे तिचे ते फोन येईनासे झाले. मला वाटले, शिकली हो आई! आता मावशीकडे बघताना प्रथमच मनात आले, शिकली होती की तीही अशीच बसत होती?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला आता आई नाही. पण मावशी समोर होती आणि माझ्याकडे बारा दिवस होते.

आधी सगळा पसारा समजून घेतला. टीव्ही एक, पण त्याला तीन यंत्रे जोडलेली. पहिला सेट-टॉप बॉक्स, ज्यावर मावशीच्या मालिका, बातम्या आणि कीर्तन. दुसरी, इंटरनेटवरून पिक्चर दाखवणारी बोटभर लांबीची कांडी, ती नातवाची. आणि तिसरा, जुना डीव्हीडी प्लेअर, लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या वायरींनी जोडलेला. त्याला पुढे पेनड्राइव्ह लावायची सोय आहे. रिमोट चार, कारण प्रत्येक यंत्राचा आपापला. टीव्हीने एका वेळी कोणाचे ऐकायचे, हे 'सोर्स' किंवा 'इनपुट' या बटणाने ठरते. रात्री नातू कांडीवर पिक्चर बघून टीव्ही बंद करतो. सकाळी टीव्ही उघडला की तो कालच्याच दारात जाऊन उभा राहतो. त्या दारामागे कोणी नाही, म्हणून निळा पडदा. शेजारच्या दारात सेट-टॉप बॉक्स बिचारा कधीचा बोलत असतो, पण ऐकणार कोण?

डीव्हीडी प्लेअरची गोष्ट वेगळी. काकांना कुमार गंधर्वांचे गाणे म्हणजे जीव की प्राण. कुमारजी जन्माने आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. १९२४ सालचा जन्म. क्षय झाला म्हणून कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला आले आणि १९९२ साली जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. देवास इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर. काका मावशीला नेहमी चिडवायचे, "तुमच्या बेळगावहून माळव्याला दोनच चांगल्या गोष्टी आल्या, एक कुमारजी आणि दुसरी कोण ते मी सांगणार नाही." निवृत्त झाल्यावर काकांनी दोन हिवाळे बसून आपल्या सगळ्या कॅसेटी एका पेनड्राइव्हवर उतरवल्या. काकांना जाऊन चार वर्षे झाली. पेनड्राइव्ह प्लेअरला लावलेलीच होती, पण मावशीने ती ऐकली होती एकदाच, तीही कोणीतरी लावून दिली म्हणून.

"मग नातवाला सांगायचं ना, लावून दे म्हणून?"

"त्याला कुठे परेशान करायचं? आणि ते ऐकायचं असलं ना, तर एकटीनंच."

मी ठरवले. संध्याकाळी नातवाला बरोबर घेऊन महाराणी रोड गाठला. इंदुरात टीव्ही, वायरी, सुटे भाग, काहीही विजेचे हवे असले तर लोक तिकडेच जातात. एका चिंचोळ्या दुकानात छतापर्यंत रिमोटच रिमोट टांगलेले. मालकाने आमचे म्हणणे ऐकून एक 'शिकणारा' रिमोट काढून दिला. किंमत साडेतीनशे रुपये. मोठी बटणे, आणि तीही मोजून वीस.

रिमोट शिकतो म्हणजे काय, तेही त्याने समजावले. प्रत्येक रिमोटच्या नाकावर एक छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा. बटण दाबले की तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याला मध्येमध्ये लहानमोठे खंड देऊन एक खूण तयार होते. प्रत्येक बटणाची खूण वेगळी, प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. शिकणारा रिमोट दुसऱ्याची खूण बघतो, लक्षात ठेवतो आणि पुढे तशीच्या तशी करून दाखवतो. आपल्या पोपटासारखे. रिमोट बिघडला आहे की चांगला आहे, हे बघायची त्याची युक्तीही वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचे नाक त्याच्यासमोर धरायचे आणि बटण दाबायचे. डोळ्यांना न दिसणारा तो दिवा बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट पांढरा चमकताना दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मावशी शिकवणीला बसलो. टेबलावर दोन्ही रिमोट नाकासमोर नाक ठेवले, मध्ये दोन बोटांचे अंतर. नव्यावरचे 'सेट' बटण दाबून धरले, लाल दिवा लागला. नव्यावरचे जे बटण शिकवायचे ते एकदा दाबले, मग जुन्यावरचे दाबले. दिवा तीनदा लुकलुकला की शिकला म्हणायचे. पण कसले काय! दिवा लुकलुकेना. तीन वेळा केले, चार वेळा केले. मग मावशीच म्हणाली, "ऊन येतंय बघ टेबलावर. पडदा ओढून बघ." पडदा ओढला आणि गाडी चालू झाली. उन्हातही तोच न दिसणारा प्रकाश भरपूर असतो, त्याच्या गलक्यात रिमोटला रिमोटचे ऐकू येत नव्हते. चालू-बंद, आवाज कमी-जास्त, वाहिनी मागे-पुढे आणि 'सोर्स', सगळे शिकवून झाले. चारांच्या जागी एक रिमोट. मी स्वतःवर खूश!

खुशी दुपारपर्यंत टिकली. मी मुद्दाम टीव्ही नातवाच्या कांडीवर ठेवला आणि मावशीच्या हातात रिमोट दिला. "हे दाब. यादी येईल. मग पुन्हा दाब, तुझा बॉक्स येईपर्यंत." मावशीने दाबले. यादी आली. चष्मा सावरून तिने ती वाचायला घेतली, तोवर यादी मिटून गेली. पुन्हा दाबले, यादी आली. घाईने दोनदा दाबले, तर हवे ते मागे पडून गेले. मग गोल फिरून परत पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीत माझ्या तोंडून निघून गेले, "अगं मावशी, किती सोपं आहे!"

ती काही बोलली नाही. रिमोट टेबलावर ठेवला, नीट, सरळ, कडेला लावून. म्हणाली, "जमेल मला हळूहळू. तू आराम कर." अगदी आईचाच आवाज, आईचेच शब्द. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच पाण्याचा ग्लास भरून उभी राहिले.

संध्याकाळी पुन्हा महाराणी रोड. दुकानदाराला सगळे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "आंटीजी, ये बटन गिनती करता है, नाम नहीं जानता."

केवढी खरी गोष्ट! 'सोर्स' बटण फक्त 'पुढचा' एवढेच म्हणू शकते. आपण कुठे उभे आहोत, त्यावर पुढचा कोण हे ठरते. म्हणजे आधी कुठे आहोत ते वाचा, किती पावले जायचे ते मोजा आणि यादी मिटायच्या आत पोचा. तरुण डोळ्यांना आणि बोटांना यात काही वाटत नाही. ८२ वर्षांच्या माणसाची ही रोज सकाळी परीक्षाच. पण बऱ्याचशा टीव्हींना, दुकानदार म्हणाला, प्रत्येक दाराची थेट खूणही कळते. 'पहिल्या दारात जा', 'तिसऱ्या दारात जा', असे नाव घेऊन सांगितले तर टीव्ही कुठेही असो, सरळ तिथे जातो. फक्त खोक्यात येणाऱ्या रिमोटवर ती बटणे दिलेली नसतात. त्याने आतून त्याच कंपनीचा जुन्या मॉडेलचा एक धुळकट रिमोट शोधून काढला. त्यावर ती वेगवेगळी बटणे होती. ती त्याने आमच्या रिमोटला शिकवली. "घर जाके देख लो, भिया," नातवाला म्हणाला, "चल गया तो ठीक, नहीं तो वापस ले आना." शिकवल्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन लावून बघितले. चालले! टीव्ही कांडीवर असो की डीव्हीडीवर, पहिले बटण दाबले की सेट-टॉप बॉक्स. मोजणे नाही, वाचणे नाही. चुकून दोनदा दाबले तरी तिथेच.

आता एवढी तीन बटणे ओळखायची कशी? मी नेलपॉलिशचे ठिपके द्यायचे म्हणत होते. मावशी म्हणाली, "थांब." आतल्या कपाटाच्या खणातून तिने टिकल्यांची पाकिटे आणली. काका असताना ती कपाळावर मोठी लाल टिकली लावायची, ठसठशीत. आता लहानशी काळी लावते. ती पाकिटे तशीच राहून गेली होती. "टाकवत नव्हती गं," एवढेच म्हणाली. हिरवी टिकली सेट-टॉप बॉक्सला, पिवळी नातवाच्या कांडीला. मोठी लाल टिकली तिने स्वतः, बोटाने दाबून दाबून, डीव्हीडी प्लेअरच्या बटणावर चिकटवली. बोट फिरवले तरी हाताला कळावे म्हणून लालवर एक खडाही होता. कोणत्याही इंजिनिअरला सुचले नसते असे काम झाले.

नंतर मी या रिमोटची कुळकथा थोडी वाचली. १९५० साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने टीव्हीचा पहिला रिमोट काढला, त्याला लांब वायर होती आणि नाव होते 'लेझी बोन्स', म्हणजे आळशीराम! वायरीत पाय अडकायचे. १९५५ साली प्रकाशाच्या झोताने चालणारा आला, तर उन्हाच्या तिरिपीनेही वाहिनी बदलायची. म्हणजे मावशीच्या टेबलावरचे ऊन सत्तर वर्षांपूर्वी तिकडेही होतेच. आणि दुसऱ्या रिमोटकडून शिकणारा रिमोट १९८७ साली बाजारात आणणाऱ्यांत अॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक होते. त्याच १९८७ साली आमच्या घरी 'रामायण' बघायला अर्धी गल्ली जमायची आणि टीव्हीला रिमोटच नव्हता. खटाखटा फिरवायचे एक बटण, आणि बाबांशिवाय कोणी हात लावायचा नाही. तेव्हा आळशीरामासाठी काढलेली वस्तू आता म्हाताऱ्या माणसाची गरज होऊन बसली आहे.

त्या पंधरा दिवसांत मला आणखी एक गंमत दिसली. मावशी दिवसभरात स्वतः किती इनपुट बदलते! दूधवाल्याशी हिंदी, धुणेवालीशी माळवी, घरात मराठी, आणि त्या मराठीतही 'निघून जातो', 'होऊन गेलं', 'परेशान' असे हिंदीचे टाके. माझ्याशी बोलताना मात्र दोन दिवसांत तिचे बेळगावी बाहेर आले. "काय की बाई," म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. साठ वर्षांनीही ते बटण चालू होते. आपल्या सीमाभागातल्या लोकांना हे नवीन नाही. बाजारात कन्नड, घरात मराठी, बँकेत हिंदी, आणि मोजावे लागत नाही. समोरचा माणूस दिसला की नेमके दार आपोआप उघडते. एवढे करू शकणाऱ्या माणसाला आपण एका बटणावरून "किती वेळा सांगायचं?" म्हणतो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मुद्दाम आतल्या खोलीत झोपल्याचे सोंग केले. बाहेर थोडा वेळ मालिकेचा आवाज येत होता. मग तो थांबला. मला वाटले, झाला पुन्हा निळा! उठणार इतक्यात तंबोरे ऐकू आले आणि मागोमाग कुमारजींचा आवाज. मी हलले नाही. तिने म्हटले होते ना, एकटीनेच ऐकायचे. तासाभराने मी बाहेर गेले तेव्हा ती परत मटार सोलत होती आणि टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मी काही विचारले नाही, तिने काही सांगितले नाही.

घरी परतताना माझ्या बॅगेत शेवेच्या तीन पिशव्या होत्या आणि मनात एकच बोच. आईलाही मी शिकवत होते. उजवीकडचे बटण, वरचे बटण, किती वेळा सांगू. दोष तिच्या बोटांत आहे असे मी धरून चालले होते. दोष बटणात असू शकतो, आणि बटण बदलता येते, हे मला साडेतीनशे रुपये आणि दोन वर्षे उशिरा कळले.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "काल लाईट गेली होती गं. आली तर टीव्ही निळाच."

माझ्या छातीत धस्स झाले. "मग?"

"मग काय? हिरवी दाबली, आला." आणि मग जरा थांबून, "पिवळी पण दाबून बघितली. नातवाचे ते पिक्चर काही बरे नसतात हो!"

वाचकहो, तुमच्याही घरात दुपारी एकटे राहणारे कोणी असेल. आज संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना "टीव्ही लावता येतो ना?" असे विचारू नका. ते "हो" म्हणतील. त्यापेक्षा एखाद्या दुपारी, न सांगता, लवकर घरी जाऊन बघा.